दाराचा आवाज

बाबा : हे दार असं आपटायचं नाही.

धाकटी : अहो बाबा, तिसरा अंक त्याच्यावरच उभा आहे! थोरला बॅग घेऊन निघतो, दार धाडकन आपटतं, अंधार, पडदा.

बाबा : चाळीस वर्षं दारं करतोय मी. आता तू शिकव.

धाकटी : सुतारकाम तुमचं, नाटक माझं. उद्या पहिला प्रयोग, आणि तुमचं आपलं बिजागऱ्यांना तेल चाललंय.

बाबा : खोली आपलीच उभी करून घेतलीस माझ्याकडून. खिडकी ती, फळीवरचं बंद घड्याळसुद्धा तेच. नावं काय ती बदललीस. लाकूड तासतो मी, अक्कल नाही तासलेली.

धाकटी : रागावलात?

बाबा : बापाच्या तोंडी घातलंयस, ‘रंधा धरायचा नसेल, तर या घरात पाऊल टाकू नकोस.’

धाकटी : खोटं आहे? आत आईच्या उशाशी बसून शब्द न् शब्द ऐकलाय मी.

बाबा : वाक्य खरं आहे. काना-मात्रा बदलू नकोस त्यातली. दार खोटं आहे.

धाकटी : म्हणजे?

बाबा : आपलं दार खाली घासायचं. सुताराच्या घरचं ना! आपटायला गेलं की अर्ध्यात अडायचं. दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय लागायचंच नाही.

धाकटी : मग दादानं...

बाबा : बॅग खाली ठेवली. दार उचललं, हळूच लावलं. तुझी आई आजारी, नुकता डोळा लागला होता तिचा.

धाकटी : पण आवाज आला होता, बाबा. मी दचकले होते.

बाबा : तो आवाज माझा. दादा गेल्यावर स्टूल लाथाडलं मी.

धाकटी : सात वर्षं मी त्याला दार आपटून गेलेला म्हणतेय.

बाबा : मीही म्हणू दिलं. सोयीचं पडलं.

(बाबा दाराच्या खालच्या कडेला एक पट्टी ठोकतात.)

बाबा : लाव आता.

धाकटी : अडतंय.

बाबा : उचल. दोन्ही हातांनी. हां, अस्सं. तुझ्या नटाला हेच शिकव.

धाकटी : दादाला तिकीट पाठवलंय उद्याचं. येतो म्हणाला नाही. येत नाही, असंही म्हणाला नाही.

बाबा : कुठली खुर्ची?

धाकटी : शेवटची रांग, दाराजवळ. मधेच उठावंसं वाटलं तर. तुम्ही पहिल्या रांगेत, मधोमध.

बाबा : ती दे दुसऱ्या कुणाला. मला दारापाशी एक स्टूल ठेव.