धनेशची कागदावरची बायको

...आणि वर म्हणतो कसा, 'अगो, घटस्फोट नुसतो कागदार!' सख्ख्या बायकोला! फोनवर! तुम्हाला सांगतो, तारकर्लीच्या अनुजाने तो फोन विहिरीत टाकला नाही, ही आमच्या धनेशची पूर्वपुण्याई!

हा धनेश अमेरिकेत गेला सहा महिन्यांच्या व्हिसावर आणि राहिला पाच वर्षं. एका हॉटेलात कांदे चिरत. दारात पोलिसाची गाडी दिसली की हा फ्रिजच्या मागे! मग कुणीतरी कान फुंकले, इथल्या बाईशी लग्न कर, तुझे कागद होतील. बाईही तयार... त्याच हॉटेलातली मार्था, वयाने याच्या आईएवढी, स्वभावाने देवमाणूस. राहता राहिली अनुजा. तिने फक्त सही करायची. नुसती कागदावर!

आणि अनुजा... भांडली? छे हो! 'तुझे हाल संपतले मां? मगे करतंय सही,' म्हणाली.

पण तिकडे कागद देणारा सरकारी साहेब मुलाखत घेतो म्हणे, नवराबायको खरे की खोटे! मार्थाने आपली सगळी माहिती लिहून दिलेली. पण ती याच्याकडून पाठ कोण करून घेणार? अनुजाच! त्याने पाठवलेला कागद समोर धरून, फोनवर घसा खाकरून, अगदी साहेबाच्या तोऱ्यात...

'बायको चाय कशी पिता?'

'आला घालून. मागल्या दारात, उभ्यान.'

'चुकला! कॉफी पिता ती. खंयच्या बाजूक निजता?'

'भिंतीकडे. पाय माझ्यार टाकून.'

'चुकला! ...आणि रागावल्यार?'

'बोलणा नाय. टोपा आपटता. मगे माशाची मोठी तुकडी माझ्याच ताटात वाढता...'

तुम्हाला सांगतो, पाच वर्षांत दोघं एका पंगतीला बसली नाहीत, आणि याला हे सगळं पाठ? यातलं काहीच नव्हतं हो कागदावर!

'नापास झालंस,' अनुजा नाक ओढत म्हणाली. 'घराक ये.'

आला हो, खरंच आला! मोप्याच्या विमानतळावर अनुजाने त्याला आधी डोळे भरून पाहिलं, मग पाठीत एक धपाटा घातला, आणि मग जी रडायला लागली ती पार तारकर्लीपर्यंत.

चार दिवसांनी धनेश तोंड पाडून सांगतो, 'मुदत संपान रवलंय मां, आता धा वर्सां माका थंय जावक गावचा नाय. बंदी!'

अनुजा बांगडे साफ करत होती. मान वरही न करता म्हणाली,

'धाच?'