सायलीच्या कानाचं माप

नाही हो मॅडम, सायली अजून आली नाही — तिची आई, मैना, कामावरून सुटली की घेऊन येईल तिला, चार वाजतील, साडेचार — तोवर बसा तुम्ही. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. काय विचारत होतात? हां, संस्था नक्की काय करते. पुण्याहून फिल्म काढायला आलात म्हणजे माहितीपत्रक वाचलंच असेल, पण सांगते. ही पेठ रोडची वस्ती, तीनेकशे घरं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं, सेंट्रिंगच्या कामावर नाहीतर द्राक्षाच्या बागेत नाहीतर बंगल्यांतली धुणीभांडी. यांच्याकडे काय नसतं? कागद नसतो. जन्माचा दाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून रेशन नाही — एक कागद नाही म्हणून माणूसच नाही. ते कागद आपली संस्था काढून देते. बालवाडी चालवते, चाळीस पोरं आहेत, रोज गरम खाऊ असतो. बाळंतिणीला दवाखान्यात नेते. मी अकरा वर्षं आहे इथे, अंजलीताई म्हणतात मला वस्तीत, माझं खरं आडनाव कोणाला ठाऊक नाही. चांगलं काम आहे मॅडम. हे आधी लिहून घ्या. पुढे मी काही बोलले तरी हे खरंच आहे.

एक मिनिट हं — अक्काबाई, आज नाही, उद्या या, पाहुण्या आल्यात! हो, रेशनकार्डाचं माझ्या लक्षात आहे! — बघा, दिवसभर हे असं.

सायली कशी सापडली? सापडली काय, बालवाडीतच होती ना, चार वर्षांची. मैना सोडून जायची, पोर कोपऱ्यात बसायची, हाक मारली तरी बघायची नाही. सगळे म्हणायचे मुकी आहे. बाप, निवृत्ती, तो तर म्हणायचा देवाची करणी आहे, तिच्या नादी लागू नका. एक दिवस माझ्या हातातनं स्टीलचं ताट पडलं, तिच्या बरोबर मागे. चाळीस पोरं दचकली, दोन रडायला लागली, आणि ही आपली भिंतीवरचा मुंगळा बघतेय. मी म्हटलं, अरे, ही मुकी नाही, हिला ऐकूच येत नाही! मग काय, तपासण्या, फेऱ्या — मैनाचा खाडा व्हायचा प्रत्येक फेरीला, तिची मालकीण बोलायची — आणि त्याच वर्षी आपल्या संस्थेचं शिबिर झालं. तेवीस मुलांना कानाची मशिनं. मोठा हॉल, हार, भाषणं. सायलीला मशिन लावलं तर ही रडायलाच लागली, फोटोवाले म्हणतात, ताई, हसवा जरा.

पण खरी गंमत घरी झाली, ती कोणाच्या फोटोत नाही. संध्याकाळी मैना भाकरी थापत होती, मी शेजारी बसलेले. सायली आली, आईकडे बघत राहिली, आणि तिनं मैनाचं मनगट धरलं. थांबवलं. मग सोडलं. मैनानं परत थापली. परत धरलं. परत सोडलं. मैनाला कळेना पोर काय करतेय, मला कळलं — अगं, ती थापण्याचा आवाज ऐकतेय! बंद करून बघतेय, चालू करून बघतेय! मैनाच्या तीन भाकऱ्या करपल्या त्या दिवशी. निवृत्ती दारातच उभा होता, बाहेर जाऊन बसला.

वर्षभरात आठ शब्द आले तिला. आये, दे, नाय, मांजर — मांजरला 'माजं' म्हणायची. ताई म्हणायची मला. हे लिहून घेताय ना? घ्या.

आता? आता काय ते सांगते ना. तुम्ही ते मशिन जवळून बघितलंय कधी? कानामागे मशिन असतं आणि कानात बसतो तो मऊ साचा. कानात ओला लगदा घालून माप घेतात, त्यावरून करतात. आता तूच सांग, पोर वाढली की — माफ करा हं, भाचीएवढ्या आहात म्हणून एकेरीवर आले — पोर वाढली की कान वाढणार ना? साचा ढिला होणार. ढिला झाला की मशिन शिट्टी मारतं. सारखी, बारीक, कुईऽऽ अशी. तोपर्यंत सायली पहिलीत गेलेली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, वर्गात त्रास होतो, ते दप्तरात ठेव. ठेवलं दप्तरात. झालं. नवीन माप घ्यायचं, नवीन साचा करायचा, एवढंच काम होतं. मी ऑफिसात गेले, हर्षल सरांकडे — प्रकल्पाचे प्रमुख ते, चांगला मुलगा आहे, वाईट नाही — ते म्हणाले, अंजलीताई, कानांचा प्रकल्प संपला, यंदा डोळ्यांचा आहे. मी म्हटलं, सर, कान वाढतात. ते म्हणाले, दिलेल्यालाच परत दिलं तर लाभार्थी वाढणार कसे? दोनदा गेले, तीनदा गेले. चौथ्यांदा म्हणाले, पण ताई, तुमच्याच फॉर्मवर तर सगळं व्यवस्थित आहे.

तुम्ही चहा घेता का? नको? बरं.

कसला फॉर्म म्हणजे — असतो एक, दर तीन महिन्यांनी. मुलाचं नाव, वय, आणि पुढे 'वापर सुरू आहे का, हो किंवा नाही'. मी भरते. घरोघरी जाऊन भरायचा असतो. मी जाते हो घरोघरी, जात नाही असं नाही. पहिल्या वेळी दोन मुलं गावाला गेली होती, येतील म्हणून 'हो' लिहिलं. दुसऱ्या वेळी चारजणांची मशिनं बंद, म्हटलं आज ना उद्या दुरुस्ती होईल — हो. मग कानावर आलं की दुसऱ्या एका वस्तीत वापर कमी दिसला म्हणून संस्थेनं तिथलं केंद्रच बंद केलं. इथे बालवाडी आहे, चाळीस पोरं दुपारी इथेच जेवतात, ती कुठे जातील? मग लिहीत गेले. हो, हो, हो. तेवीसच्या तेवीस. दोन वर्षं. नेमानं वापरतात किती? सात. सोळा मशिनं डब्यात, फडताळात, एक तर देवापाशी ठेवलंय, हळदकुंकू वाहून.

असं बघू नका माझ्याकडे. नुसतं बालवाडीसाठी केलं असंही नाही, आता बोलतेच आहे तर. शिबिर झालं त्या वर्षीच्या संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर मी आहे, सायलीला कडेवर घेऊन. माझ्या आईनं तो अहवाल बुद्धमूर्तीशेजारी ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवते. त्या मुखपृष्ठावरच्या पोरीसमोर 'नाही' लिहायचं — नाही झालं माझ्याच्यानं. आणि मी शिव्या कोणाला देतेय दोन वर्षं? ऑफिसला. सरांना. अहो, त्यांना कळणार कसं? मीच कळू दिलं नाही. कागद काढून देणारी बाई मी, आणि माझाच कागद खोटा.

सायलीचे शब्द गेले ना मॅडम. एकेक करून. माजं गेलं, दे गेलं, ताई गेलं. शेवटी आये राहिलं होतं, तेही दिवाळीनंतर नाही. आता मशिन दाखवलं की पळते. आणि मैना! मैना मला एका शब्दानं बोलत नाही. तिला वाटतं तिच्याच पोरीत खोट आहे. म्हणते, ताई, तुम्ही लय केलं, पण माझ्या पोरीचा कानच मशिन धरत नाय, तिच्या नशिबातच नाय. गावाहून आली की माझ्यासाठी नागलीचे पापड आणते. मी घेते. काय म्हणून घेते?

परवा बसले आणि या वेळचा फॉर्म खरा भरला. सात हो, सोळा नाही, आणि खाली लिहिलं, मागचे सगळे चुकीचे आहेत, मी भरलेत. दिला ऑफिसात. काल सरांचा फोन — ताई, हे काय, पंधरा तारखेला कार्यक्रम आहे, देणगीदार येणारेत, पुण्याहून मुलगी फिल्म काढायला निघालीय. बदलून द्या, पुढच्या वेळी बघू. मी हो म्हणाले. जीभ अशी सवयीची झालीय बघा, हो शिवाय काही येत नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

काय म्हणालात? पाच मिनिटं? — पाच मिनिटं मशिन लावायचं आणि आवाज नंतर घालता येईल? कुठला आवाज घालाल, दुसऱ्या कोणाच्या पोरीचा? मॅडम, ढिला साचा कानात घालून तिला तुमच्यासमोर बसवू? ती शिट्टी तिच्या डोक्यात वाजत असताना हसवू तिला? एकदा हसवली हॉलमध्ये, तेवढं पुरे. नाही, तुमच्यावर चिडले नाही. तुम्हाला सांगितलं ते काम तुम्ही करताय. मीही तेच करत होते.

— आली बघा. ये गं मैना. अगं, हे काय, नवा फ्रॉक? तेल, वेणी, पावडर — कामावरून लवकर सुटलीस? सुट्टीच घेतलीस? शूटिंग आहे म्हणून? अगं बाई.

मॅडम, उठा तुम्ही. तो कॅमेरा आवरा. शूटिंग होणार नाही. सरांना सांगा, अंजलीताई फॉर्म बदलून देणार नाहीत, तोच ठेवा, आणि सोळा मुलांची नवीन मापं कधी घ्यायची ते कळवा. केंद्राचं काय ते मी भोगीन, बालवाडीसाठी वस्तीतल्या बायका घेऊन ऑफिसच्या दारात येईन, पण फॉर्म तोच. लिहून नको, तोंडी सांगा, मला लिहिलेल्याची आता भीती वाटते.

मैना, बस. अशी नाही, माझ्यासमोर बस. सायलीला घे मांडीवर. तुझ्या पोरीच्या कानात काही खोट नाही, हे आधी ऐक. पुढचं सांगते, आणि सांगून झाल्यावर तुला काय बोलायचं ते बोल मला, मी उठून जाणार नाही —

मॅडम, तुम्ही अजून इथेच? रिक्षा कोपऱ्यावर मिळेल. नाही, हे तुम्ही ऐकायचं नाही. या तुम्ही.