गाडी सुरू होईपर्यंत

हॅलो?… हॅलो, कोण?… हं, ठकू, तू होय. बोल… काय?… जरा मोठ्याने बोल ना, काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये…

आवाज? कसला आवाज?… तो होय. मिक्सर लावलाय… अगं, लावते कधीकधी भरदुपारी, बंदी आहे का?… हो, इतका वेळ नाही चालत मिक्सर. मान्य. मग शेजाऱ्यांकडे काहीतरी चाललं असेल…

हो, हो… अगं ऐक ना… जेवले मी, कधीच. तू जेवलीस?… हे कसलं जेवण? बिस्किटं काय जेवण असतं? आणि जावईबापू?… अजून टूरवर? या माणसाला कंपनीने घर दिलंय की नुसती बॅग?… बरं बाई, नाही बोलत. तुझ्या नवऱ्याला काही म्हणायची सोय नाही.

आलीस का गाडीच्या विषयावर? मी म्हणतच होते, अजून कसं विचारलं नाहीस. रविवार उजाडला की तुझं ठरलेलं, 'आई, गाडी कुठवर आली?'…

भंगार म्हणू नकोस तिला. तुला किती वेळा सांगितलं. खाणीच्या आवारात नऊ वर्षं पडून होती, मान्य. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, मान्य. तळाच्या पत्र्याला एवढं मोठं भोक होतं, खालचं गवत वर आलं होतं, तेही मान्य. पण जीप आहे ती. तुझ्या बाबांनी जमीनमोजणीची आख्खी नोकरी अशाच जीपमध्ये काढली. रिटायर झाल्यावर माणूस देवळात जातो, बागेत जातो. हे गेले खाणीत आणि हे धूड ट्रकला बांधून घेऊन आले. त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. आणि मी आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी… हो, तुलाच फोन करून रडले होते. काय काय लक्षात ठेवतेस!

नाही, विसरले नाहीये मी. तुला शब्द दिलाय तो दिलाय. बाबा गेले तेव्हा इंजिन उघडून अंगणात पसरलेलं होतं. नट-बोल्ट डब्यांमध्ये, डब्यांवर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. तू म्हणालीस, आई, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. मी म्हटलं, एवढी गाडी सुरू होऊ दे, त्याच आठवड्यात येते. म्हटलं ना? मग? पळून चाललेय का मी कुठे?

चौदा महिने झाले, माहितीये मला. चौदा महिने तारेच्या ब्रशने गंज घासतेय, मला नसेल माहीत? माझी नखं बघ येऊन. शेजारीणबाई माझ्या हातचा चहा घ्यायला बिचकतात…

काय?… नाही, अजून तसाच चालू आहे आवाज…

ठकू, मिक्सर नाहीये तो.

हो… हो, तीच. सुरू झाली… अगं ओरडू नकोस, कानठळ्या बसल्या! पाऊण तास होत आला. गॅरेजवाले मिस्त्री बंदच करू देत नाहीयेत. उकिडवे बसलेत समोर आणि ऐकतायत नुसते. मघाशी डोळे पुसले त्यांनी. साठीच्या पुढचा माणूस, आयुष्यात हजार गाड्या पाहिल्या असतील… हो ना… झाला ना आनंद. झाला म्हटलं ना. आता नाचू का अंगणात?

थांब. थांब जरा… तिकीट लगेच काढू नकोस… अगं ऐक ना! एकदम कपाट रिकामं करायला नको काही. मला एक सांगायचंय. आधी कबूल कर, रागावणार नाहीस… नाही, आधी कबूल कर.

गाडी आजच सुरू झाली असं नाही… म्हणजे आज झाली. पण ती सात महिन्यांपूर्वीच झाली असती… मीच होऊ दिली नाही.

कशी म्हणजे? सोपं असतं ते. बाबांच्या वहीत सगळं लिहिलंय, काय केलं की गाडी सुरू होते. मी उलटं केलं. एकदा प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल केली. एकदा पेट्रोलच्या नळीत कापडाचा बोळा सारला. मिस्त्री आठवड्यातून दोनदा यायचे, शोधून काढायचे, घाम पुसून म्हणायचे, वहिनी, पुढच्या वेळी नक्की. ते गेले की मी नवीन काहीतरी करून ठेवायचे… हसू नकोस, हसण्यासारखं नाहीये. म्हणायचे, वहिनी, या गाडीवर कुणाची तरी नजर आहे. मी म्हणायचे, असेल हो. आणि चहा टाकायला आत जायचे. त्या माणसाला सात महिने मी खुळ्यात काढलं. आता त्यांच्याकडे बघवत नाहीये.

आज? आज कागद होता. पॉइंट म्हणून असतात बघ, जिथे ठिणगी पडते. तिथे कागदाचा कपटा सरकवून ठेवला की ठिणगी पडतच नाही. मिस्त्रींनी झाकण काढलं, चिमट्याने कपटा ओढला. कॅलेंडरचा कागद, अर्धा आकडा दिसतोय त्यावर. मला वाटलं आता बोलणार. त्यांनी नुसती कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वहिनी, आता किल्ली तुम्ही फिरवा.

मग काय करणार होते? फिरवली.

का म्हणजे?… तुला खरंच कळत नाहीये, की माझ्या तोंडून ऐकायचंय?… गाडी झाली की संपलं ना सगळं. तोपर्यंत त्यांचंच काम चाललं होतं. सकाळी उठलं की डबा उघडायचा, त्यांची चिठ्ठी वाचायची, 'हा नट उलटा फिरतो, जोर करू नये.' मला वाटायचं माझ्यावरच खेकसतायत. शेवटचा डबा रिकामा झाला की कोण खेकसणार माझ्यावर?

आणि तुझ्याकडे येऊन मी काय करायचं, सांग? तुम्ही दोघं आपापल्या कामाला जाणार. मी सहाव्या मजल्यावर लिफ्टचा आवाज ऐकत बसणार. संध्याकाळी तुम्ही आलात की माझ्यासाठी गप्पा मारणार, दमलेल्या तोंडाने. जोडप्याच्या घरात तिसरं माणूस म्हणजे नको असलेली खुर्ची गं. म्हणून… हो. म्हणून केलं. आता काय बोलायचं ते बोल.

…ठकू?

हॅलो?… आहेस ना?… अगं, रडतेस काय? एवढं काय झालं त्यात? गाडीच तर… काय?… काय म्हणालीस? कोण राहत नाही?… ऐकू येत नाहीये मला! मिस्त्री! अहो मिस्त्री, बंद करा! बंद करा ती, मुलगी रडतेय माझी!

हं. आता बोल… हळू बोल. ऐकतेय मी.

…कधीपासून?

आठ महिने?… ठकू, आठ महिने? टूर, टूर म्हणत होतीस, ते…? कुठे गेला?… नाही, कोणाबरोबर ते नाही विचारलं मी. नको सांगूस. कुठे राहतो तो?… त्याच शहरात? आणि तू एकटी त्या घरात? आठ महिने?

मला का नाही सांगितलंस?… बाबा जाऊन सहाच महिने झाले होते म्हणून? म्हणजे माझ्यावर दया केलीस? माझ्याशी खोटं बोललीस तू… हो, मीही बोलले. माहितीये! आत्ताच सांगितलं ना सगळं! पण माझं खोटं गाडीचं होतं, आणि तुझं…

नाही. नाही गं, तुझ्यावर नाही चिडले. मला थोडा वेळ बोलू दे. दर रविवारी विचारायचीस, आई, कधी होईल गं गाडी? मला वाटायचं, घराला गिऱ्हाईक मिळालंय, म्हणून घाई करतेस. शेजारीणबाईंना मी सांगितलंसुद्धा, मुलीला घर विकायची घाई झालीय. आणि तू… तू तिकडे गाडी व्हायची वाट बघत होतीस?

तू म्हणायचीस, आई, तू एकटी आहेस, म्हणून ये. 'मी एकटी आहे, म्हणून ये,' असं का नाही म्हणालीस एकदाही? त्याच दिवशी निघाले असते. इंजिन अंगणात तसंच टाकून निघाले असते. तुझ्या बाबांनी वरून शिव्या घातल्या असत्या, तरी निघाले असते!

ज्या आठवड्यात तो गेला, तेव्हा मी सीटची कव्हरं शिवत होते. नीट आठवतंय. तू फोन केलास, तुझा आवाज बसला होता, मी म्हटलं, काढा घे. काढा घे! आणि वर तुला तासभर सांगत बसले, कापड कुठलं, दोरा कुठला. तू ऐकत होतीस. 'छान आई,' म्हणालीस.

माझ्या हाताने केलं मी हे. एकेक आठवडा करत सात महिने चोरले तुझे. कागद घालून.

नाही कसं? हिशोब सरळ आहे. मी तो बोळा सारला नसता, तर तुझ्याकडे असते… गप्प बस, समजूत घालू नकोस माझी. तू कोण समजूत घालणारी? आज तरी मला आई होऊ दे.

ऐक. मी निघते… उद्या नाही, आज. चारची बस आहे, पोचते साडेआठपर्यंत… अगं, गाडीने कसली येतेय! सुरू होते फक्त, थांबत नाही ती. ब्रेक जोडायचे राहिलेत अजून… काही नाही करायचं तिचं. मिस्त्री झाकून ठेवतील ताडपत्रीने. नाही झाकली तरी चालेल. गंजली तर गंजू दे. नऊ वर्षं गंजत होती, तेव्हा कोण रडलं होतं?

सामान काय, चार साड्या. चष्मा. गोळ्या. बाकी बघू… तू न्यायला येऊ नकोस स्टँडवर, रिक्षा कळते मला. तू दार उघड, झालं… आणि तोंड धू. आणि ती बिस्किटं ठेव बाजूला, मी आल्यावर भात टाकते.

हो… हो गं… नाही, त्याला फोन नाही करणार. काय बोलणार त्याच्याशी?

ठकू, एक विचारू? तुमची ती खोली, एकच पलंग आहे ना मोठा?… मग दुसरी गादी काढू नकोस. तो कुठल्या बाजूला झोपायचा?… खिडकीच्या?… आणि तू अजून तुझ्याच बाजूला झोपतेस? आठ महिने अर्धा पलंग रिकामा ठेवून?

बरं. खिडकीच्या बाजूला मी झोपते आजपासून.

घोरते मी, पण. बाबा नेहमी तक्रार करायचे… चालेल?… नक्की?… अगं, रडू नकोस आता, मला बॅग भरू दे. ठेवते… हो, ठेवते म्हटलं ना… नाही, तू नको ठेवूस, मी ठेवते.