एकाच नंबरचे दोन सेन्सर

हॅलो? … कोण, राजश्री? बाई गं, आज बरी आठवण झाली!

… घरीच, भाट्याला. खेडच्या विज्ञान प्रदर्शनात तू उभी आहेस ना? मग मी कशाला येऊ? … रडू नको गो, आधी सांग. पंखा फिरत नाही? स्क्रीनवर पण काहीच नाही?

… तारा किती लांब? … वीतभर? मग तारेचा दोष नाही. सेन्सर किती लावलेस? … दोन! माझ्या वहीतल्या आकृतीत एकच होता. … अच्छा, एक घरातल्या पंख्यासाठी, एक बाबांच्या मासळीच्या बर्फपेटीसाठी. दोन्ही सारखेच? पाकिटातून काढले आणि लावले? … हसू नको तर काय करू!

अगं ऐक ना. त्याच दोन तारांवर दोघं बसलेत. कंट्रोलर नंबर घेऊन हाक मारतो. तुझे दोघं एकाच नंबरला एकदम 'हजर' ओरडतायत. त्याला काय डोंबल कळणार?

… उपाय आहे ना. मिनिटाचं काम. पुढेमागे दुसरा सेन्सर लागला तर म्हणून दुसरा नंबर मी कोडमध्ये आधीच लिहून ठेवलाय. … नाही, आत्ता नाही सांगणार.

प्रदर्शनाला कुणाला पाठवू असं सागर सरांनी विचारलं, तेव्हा काय सांगितलंस ते आधी म्हण. … विसरलीस? 'पूर्वीला नको, परीक्षकांसमोर ती त-त-प-प करते.' दाराबाहेरच होते मी. … बघ, आता अडखळते का? गणपतीपासून रोज आरशासमोर बोलते मी. रोज!

… परीक्षक शेजारच्या टेबलावर आलेत? मग पटकन. स्पीकर लाव. म्हण, 'सर्किट पूर्वीचं आहे, मला ओ की ठो कळत नाही.' … ऐकू नाही आलं. … 'मला'वर अडखळलीस बघ! त-त-प-प! परत म्हण. … नाक ओढू नको गो, कानात येतं. परत!

… मध्ये बोलू नको. … काय? चार्टवर काय? … माझं नाव? … तुझ्या नावाच्या वर? … तूच लिहिलंस?

… मग आधी नाही का सांगायचं! … मी बोलू दिलं नाही?

राजश्री, ऐक. बर्फपेटीच्या सेन्सरवर दोन पिनांना काळी टोपी आहे. ती काढ, शेजारच्या पिनांवर… राजश्री? … कोण? … परीक्षक?

हो सर. … हो, सर्किट… म-माझंच. … नाव? नाव प… पू… … थांबा ना सर, सांगते, प-प…

… हॅलो?