डबीभर संध्याकाळ

डोळ्यांच्या दवाखान्यात मागच्या बाकावर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागेच काढला होता, आज डाव्याची पाळी होती.

“रंगाच्या डब्यांची झाकणं लावलीत ना? मागच्या खेपेला सगळे रंग वाळून खडखडीत झाले होते.”

“लावली. खिडकीतली छोटी डबी तेवढी जप.”

“ती मळकट पिवळी?”

“हं, तीच.”

“तिच्यात काय एवढं?”

“अगं, मी रंगवलेलं ते चिमुकलं गाव उजव्या डोळ्याला आता भर दुपारचं दिसतं. डाव्याला अजून संध्याकाळच.”

“मग खरं काय?”

“डॉक्टर म्हणतात, दुपार. म्हणून डाव्याने बघत, उजव्याने जुळवत तो रंग करून ठेवला. आजपासून ती संध्याकाळ काही दिसायची नाही.”

“एवढ्याशा डबीत गाव कसं रंगणार?”

“गावात असू दे दुपार. कोपऱ्यावरच्या घरात तू खिडकीशी बसलीयस ना, तुझ्यापुरता पुरेल.”

आजी एकदम उठल्या.

“काय झालं?”

“काही नाही. आलेच मी.”

आजी फोन घेऊन दारापाशी गेल्या.

“सूनबाई, सकाळी मी भरलेली कचऱ्याची पिशवी अजून घरातच आहे ना?”