वस्तादांना न विचारलेला प्रश्न

मंडळी, ऐका! मनात भय दाटलं, तर माणूस विचारतो कुणाला? जवळच्याला, की अनोळख्याला?

राणोजी घाटगे मल्ल. त्यांचे खंडेराव मल्ल. त्यांचे शिवाजीराव, तेही मल्लच! अन् या तिघांच्या पुढचा रणवीर. पंगतीत हा बसला, की आचारी आधी पुरण पुरेल का ते बघे! हसलात? हसून घ्या. पुढे हसू नाही.

शिदू वस्तादांची तालीम. नियम कडक — वस्तादांपुढे मान खाली, तोंड बंद! दुखणं बोलून दाखवेल तो पहिलवान कसला? या शिस्तीचा वस्तादांना केवढा अभिमान!

एका मैदानात रणवीर चितपट झाला. आता दंड फुगवायचे, तेही झटपट! कुणाला विचारावं? वस्ताद समोरच आखाड्याची माती कालवत होते — ताक, तेल, हळद. पण तोंड उघडणार कसं? पोरानं मोबाईल उघडला. (अहो खांबाआडचे, तुम्ही तो मिटा!) तिथे एक गट — नाव नाही, चेहरा नाही, सल्ला मात्र ढीगभर! "ताकदीची सुई घे, भावा. मी घेतो, मला कुठं काय झालं?"

घेतली! दंड फुगले. मग पाय सुजले, लघवी काळवंडली. पुन्हा तिथेच विचारलं. उत्तर आलं — "होतं तसं. डोस वाढव."

वाढवला! अन् एका सकाळी आखाड्यातच कोसळला.

डॉक्टर म्हणाले, "दोन्ही मूत्रपिंडं गेली."

वस्ताद खाटेशी बसले. "लेका, मला का नाही रे विचारलंस?"

"आबा, तुम्ही मारलं असतं."

आता मान वस्तादांची खाली! कारण मारलंच असतं.

ते उठले. "डॉक्टर, माझं एक काढून घाला."

रणवीरची आई सुनंदा आडवी आली. "आबा, या वयात?"

"सूनबाई, मी अनाथ पोर. तुझ्या सासऱ्यांनी, खंडेरावांनी, मला आपल्या ताटात जेवू घातलं. हे अंग त्यांच्याच अन्नावर पोसलंय. बाजूला हो."

तपासण्या झाल्या, रीतसर परवानगी आली. रणवीर जगला. पण लंगोट कायमचा सुटला! चार पिढ्यांची कुस्ती तिथं संपली, मंडळी.

आता सांगा — तुमचं लेकरू तुमच्यापुढं तोंड उघडतं? नसेल, तर कुणापुढं उघडतं? धाकाला मान समजणाऱ्यांनो, घरी जा अन् आज तुम्ही आधी विचारा!

इकडे ऑपरेशननंतर वस्ताद शुद्धीवर आले. सुनंदेनं पदर सावरून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आबा, मामंजींच्या अन्नाचं ऋण फिटलं. पुरतं फिटलं."