मॅडम, ‘उठली’ म्हणजे?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या विभागप्रमुख मॅडम, आणि सहकारी बंधुभगिनींनो,

मला गौरवपर बोलायला सांगितलंय. पण मी हे टेबल धरूनच बोलणार आहे. कारण पुढे येईलच.

मॅडमनी उभी हयात एका प्रश्नात घालवली: विषाणू पेशीला मारतो कसा? उत्तर ऐकून आजही माझ्या अंगावर काटा येतो. पुष्कळदा तो स्वतः मारतच नाही. स्वतःला संपवायची सोय प्रत्येक पेशीत मुळातच असते, एरवी ती शरीराच्या कामाचीच. विषाणूचं एक प्रथिन आत खोटा हुकूम सोडतं, आणि धडधाकट पेशी निमूटपणे आवराआवर करायला घेते. प्रयोगशाळेतल्या डिशच्या तळाला चिकटून बसलेल्या पेशी मग गोल होतात, सुटतात, तरंगू लागतात. आमच्याकडे त्याला ‘उठल्या’ म्हणतात. मॅडम सकाळी आल्या आल्या विचारणार, "काय रे, बसल्यात ना? का उठल्या?" उठल्या म्हणजे मेल्या.

पाहुणे हसताहेत. परवापर्यंत मीही हसायचो.

माझी धाकटी मुलगी आम्ही अभ्यासतो त्याच विषाणूने आजारी आहे. इस्पितळात तापाने बेशुद्ध होती. परवा मी कामावर असताना बायकोचा फोन आला, "अहो, उठली." पुढे तिला रडूच फुटलं. मी तिथेच फरशीवर बसकण मारली. मॅडमनी फोन काढून घेतला. "अगं, उठली म्हणजे? नीट सांग बाई." पोरगी डोळे उघडून पाणी मागत होती हो! मला ते सांगता सांगता मॅडमही माझ्याशेजारी फरशीवरच बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीसुद्धा?" तर म्हणाल्या, "अरे, मी रोज सकाळी प्रयोगशाळेचं दार भीत भीतच उघडलंय. चेहरा तेवढा सरळ ठेवते."

आज दुपारी ताप पुन्हा चढलाय. डॉक्टर धड काही बोलत नाहीत. तिच्या आत या घडीला कुठल्या पेशीला काय सांगितलं जात असेल, हे मला नको तितकं ठाऊक आहे. इतर बापांना निदान ते दिसत तरी नाही.

संयोजकांनी माझं भाषण आधी घेतलं, त्यांचे मनापासून आभार. मॅडम, गाडी खाली उभी आहे. इस्पितळातल्या तिच्या खोलीत एकट्याने शिरायचा मला धीर होत नाही. याल माझ्याबरोबर?

सत्कारमूर्तींनाच भर समारंभातून घेऊन चाललोय. सभागृहाने एवढा अपराध पोटात घालावा.